उजवी कूस, दोन वाजून दहा मिनिटं

ताई, तुला जाऊन अकरा दिवस झाले आणि मी अजून प्राजूचा फोन उचललेला नाही. तुझ्या मुलीचं नाव स्क्रीनवर आलं की मी फोन उलटा ठेवते. फोन वाजून वाजून थांबतो, मग मी मेसेज टाकते, ‘ड्यूटीवर आहे गं, नंतर करते.’ काल तुझा दहावा होता, त्यालाही मी तुझ्या गावी, राईला, आले नाही. संजयला सांगितलं, अंगात कणकण आहे. नवरा बिचारा तापाची गोळी शोधत फिरला. वीस वर्षं नर्सिंग केलेल्या बाईला आजारपणाचं सोंग काही कठीण नाही.

वॉर्डात सगळ्यांसमोर मी तुला ‘सिस्टर, तुम्ही’ म्हणायचे आणि कपडे बदलायच्या खोलीत ‘ताई, तू’. आज ‘तू’च म्हणते. आज सुट्टी घेतली आहे. संजय ऑफिसला गेलाय, घरात मी एकटी आहे, आणि समोर जेवणाच्या टेबलावर तुझ्या अभ्यासाचे, पेशंटच्या कुशी बदलल्याच्या नोंदींचे, सगळे पोझिशन चार्ट पडलेत. तुझ्या घरात ओल येते म्हणून तूच ती फाईल माझ्याकडे ठेवायला दिली होतीस. उद्या अकरा वाजता हॉस्पिटलच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा आहे. मेट्रन मॅडमनी मला बोलायला सांगितलंय. म्हणाल्या, “शिल्पा, तुम्हीच त्यांच्या सगळ्यात जवळच्या.” तुझ्या अभ्यासाचा निष्कर्ष लॅमिनेट करून भिंतीवर लावणार आहेत, आणि ट्रस्टच्या बाकीच्या हॉस्पिटलांतही तो नियम म्हणून लागू करायची घोषणा तिथेच होणार आहे. नियमाला तुझं नाव देणार आहेत.

आणि तो अभ्यास चुकलेला आहे. तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे. जिवंत माणसांत हे फक्त मला आणि कालपासून संजयला ठाऊक आहे. मी उद्या गप्प बसले तर कुणाला कधीच कळणार नाही, आणि मला भीती वाटते ती याचीच, की मी गप्प बसेन. गप्प बसणं मला फार छान जमतं.

तू पन्नाशीला टेकलीस आणि एम.एस्सी. नर्सिंगला नाव घातलंस, तेव्हा आम्ही सगळ्याजणी हसलो होतो. मी सगळ्यात जास्त. तुझी प्राजू बी.कॉम.ला आणि तू तिच्याच दप्तरातून हायलायटर चोरून आणायचीस. एका बोटाने टाईप करायचीस. स्पेसबार जरा जोरात दाबलास की मी म्हणायचे, “ताई, इंजेक्शन नाहीये ते.” आपलं खरं भांडण मात्र वेगळंच होतं. मी म्हणायचे, संशोधन बिंशोधन डॉक्टरांनी करावं, आपण पाठी पुसायच्या. तू चिडलीस की तुझी राईची भाषा बाहेर यायची. “पाठ आपण पुसतो ना? मंग पाठीबद्दल ठाव कोनाला हाय? डाक्टर राऊंडला येतो, दोन मिन्टं तोंड बघतो न् जातो. त्याला पाठ दिसतच न्हाय.” मी म्हणायचे, दिसत नाही म्हणूनच तो सुखी आहे. तू मला कापसाचा बोळा फेकून मारायचीस. हे भांडण आपण दोन वर्षं पुरवलं, आणि तू बरोबर होतीस हे मी तुला एकदाही म्हटलं नाही.

तुझा विषय साधा होता. ज्या पेशंटला स्वतःहून हलता येत नाही, त्याची कूस दर दोन तासांनी बदलायची, नाहीतर दाब पडून पाठीला, कंबरेला, टाचेला जखमा होतात. हे आपण नर्सिंगच्या शाळेत शिकलो. मग वॉर्डात नव्या फोमच्या गाद्या आल्या. तुझा प्रश्न असा, की या गादीवर चार तासांनी वळवलं तर चालेल का? चाललं, तर वाचलेल्या वेळात त्याच पेशंटला नीट भरवता येईल, तोंड स्वच्छ करता येईल, दोन शब्द बोलता येतील. तू कमिटीकडून परवानगी घेतलीस, नातेवाइकांच्या सह्या घेतल्यास. चिठ्ठ्या टाकून अर्धे पेशंट दोन तासांच्या गटात, अर्धे चार तासांच्या. सगळ्यांची पाठ रोज तपासायची. लाल डाग दिसला की त्यावर अंगठा दाबून सोडायचा. दाबल्यावर जागा पांढरी पडली तर ठीक, लाल तशीच राहिली तर आत जखम सुरू झाली. तू आम्हा सगळ्यांना एकमेकींच्या हातावर अंगठे दाबायला लावले होतेस.

तुझ्या पाळीत सगळं घड्याळाप्रमाणे व्हायचं. माझी बहुतेक दुपारची पाळी, दोन ते आठ. दोन वाजता आले की मी सगळ्यांच्या कुशी बदलायचे. चारला बदलायला हव्यात, तर तेव्हा नवे पेशंट वर येत असायचे, सलाईन संपलेली असायची, एका माणसाने वळवणं होत नाही आणि वॉर्डातल्या मावशी पेशंटला घेऊन एक्स-रेला गेलेल्या. मग सहाच्या सुमारास पुन्हा एक फेरी. सगळा दोष गर्दीवर ढकलला तर तू खवळशील, म्हणून हेही लिहिते की काही दिवस गर्दी नव्हती. काही दिवस मी चहा घेत होते. काही दिवस मुलाच्या परीक्षेचा विचार करत खुर्चीत नुसती बसले होते.

साडेसातला मी टेबलाशी बसायचे आणि चार्टचे सगळे रकाने एका दमात भरायचे. डावी, उताणी, उजवी, पुन्हा डावी. यात मला काही खोटं केल्यासारखं वाटायचंच नाही, ताई. आपल्याकडे नवीन मुलगी आली की सिनिअर तिला हळूच हेच तर शिकवतात. एकाच पेनाने भरू नकोस, दिसून येतं. बरोबर दोन, चार, सहा लिहू नकोस, त्याने संशय येतो. म्हणून मी लिहायचे दोन वाजून दहा मिनिटं, चार वाजून पाच मिनिटं, सहा वाजून वीस मिनिटं. अक्षर थोडं घाईचं काढायचे. मी यात फार तरबेज होते.

आणि तुला ते इतकं आवडलं. तू सगळ्यांच्या समोर माझा चार्ट उंच धरलास आणि म्हणालीस, “बघा, दहा मिन्टं उशीर झाला तर शिल्पा उशीर लिवते. याला डेटा म्हन्तात.” टाळ्या वाजल्या. मला आठवतं, मी लाजले होते. खरंच लाजले होते, म्हणजे कौतुकाने. त्या दिवशी भीतीसुद्धा वाटली नाही. आता मागे वळून बघताना मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते.

नया नगरच्या त्या म्हाताऱ्या खाला आठवतात ना तुला? खुब्याचं हाड मोडून आल्या होत्या, एवढीशी चण, अंगावर मांस नाही. त्या दोन तासांच्या गटात होत्या. त्यांची सून रोज डबा घेऊन यायची आणि मला म्हणायची, “सिस्टर, अम्मी कब से ऐसे ही लेटी हैं.” मी म्हणायचे, “हां हां, दस मिनट.” एका आठवड्यात खालांच्या माकडहाडावर जखम झाली. तू त्यांचा चार्ट घेऊन खाली बसलीस आणि रकान्यांवरून बोट फिरवत गेलीस. मी मागे उभी होते. तू म्हणालीस, “शिल्पाच्या पाळीत एक खाडा न्हाय. तरी जखम झाली. काय समजायचं?”

तेव्हा मी बोलायला हवं होतं. चार शब्द पुरे होते. मी म्हटलं, “वय आहे ना ताई.”

तू खालांच्या सुनेचा हात हातात घेतलास आणि म्हणालीस, “देखो बेटा, हमने बराबर घुमाया है. अम्मी की चमडी ही नाजूक है.” तिने तुझे हात डोळ्यांना लावले. खाला घरी गेल्या, पुढे त्यांचं काय झालं मला माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायची हिंमत नाही. स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्यांकडे ती सून मला दोनदा दिसली. दोन्ही वेळा मी रस्ता बदलला. दुसऱ्या वेळी तिने हाक मारली होती, “सिस्टर!” आवाज अगदी आनंदाचा होता. मी ऐकू न आल्यासारखं केलं आणि नको असलेल्या दुकानात शिरले.

अभ्यासाचा निकाल काय लागला ते सगळ्यांना माहीत आहे. दोन तासांच्या आणि चार तासांच्या गटांत फरक नाही. फरक येणार कुठून, ताई? माझ्या पाळीत दोन तासांचा गट नव्हताच. दोन्ही गट चार तासांचेच होते, फक्त चार्ट वेगळे होते. त्या माणसांना खरोखर दोन तासांनी वळवलं असतं तर किती जखमा टळल्या असत्या, हे आता कुणीच सांगू शकत नाही. तू महिनाभर आकडेमोड करत बसलीस, गाईड मॅडमकडे हेलपाटे घातलेस, मला ‘पी व्हॅल्यू’ समजावून सांगितलीस. “म्हंजे यात नशिबाचा वाटा किती, ते.” मी मान हलवत राहिले. तुझा प्रबंध पास झाला तेव्हा तू सगळ्या वॉर्डाला पेढे वाटलेस, आणि पहिला पेढा माझ्या तोंडात कोंबलास. प्रबंधाच्या पहिल्या पानावर आभार आहेत. त्यात प्राजूच्या नावानंतर माझं नाव आहे. ‘जिच्या नोंदींवर मी डोळे मिटून विश्वास ठेवला.’ ते पान मी परत कधी उघडलेलं नाही.

मग मेट्रन मॅडमनी चार तासांचा नियम सगळ्या वॉर्डांना लावला आणि दुपारच्या पाळीतली एक सिस्टर काढून घेतली. तू त्यांच्या केबिनमध्ये जाऊन भांडलीस. बाहेर आवाज येत होता. “मी पेशंटला जास्त टाईम मिळावा म्हनून लिवलं, मानसं कमी करा म्हनून न्हाय!” बाहेर आलीस ती लालबुंद होऊन. मला म्हणालीस, “तू चल माझ्यासंगती, तू सांग त्यांना. तुझं ऐकतील, तुझे चार्ट हायत.” मी म्हटलं, उद्या जाऊ. तो उद्या आपण फार वेळा पुढे ढकलला. शेवटी तू एकदा म्हणालीस, “तू घाबरतंस कशाला एवढी?” मी हसण्यावारी नेलं.

मी तुला आयुष्यभर घाबरले हे खरं आहे. लालबागची चाळ सोडून मी लग्न करून भाईंदरला आले, या हॉस्पिटलात लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी तू मला चादरीची घडी काढून पुन्हा घालायला लावलीस. चुरगळलेल्या चादरीची एक रेघ म्हाताऱ्या कातडीला सुरीसारखी लागते, म्हणालीस. मी रडले, तर डब्यातलं बोंबलाचं कालवण अर्धं मला वाढलंस आणि रडणं थांबेपर्यंत समोरून हलली नाहीस. माझ्या बाळंतपणात माझ्या दोन पाळ्या तू केल्यास. संजयची नोकरी गेली होती तेव्हा रोज सकाळी माझ्या डब्यात काहीतरी जास्तीचं निघायचं आणि तू म्हणायचीस, “माशी बसली व्हती, मी खानार न्हाय.” तुझ्या हाताखाली मी नर्स झाले. मला जे येतं ते सगळं तुझं आहे. तो चार्ट तेवढा माझा.

मग तू आजारी पडलीस. राईच्या अंगणात सकाळी तोंड धुताना पडलीस. उजवं अंग गेलं, वाचा गेली. प्राजूने रिक्षात घालून तुला आपल्याच हॉस्पिटलात आणलं, आपल्याच वॉर्डात, सहा नंबरच्या कॉटवर. कॉट बरोबर सिस्टरच्या टेबलासमोर. समजत तुला सगळं होतं. मी विचारलं, “ताई, दुखतंय?” तर डाव्या हाताने माझं बोट दाबायचीस, एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. तीन आठवडे तू तशी होतीस.

पहिले काही दिवस मी तुला खरोखर दोन तासांनी वळवलं. मेट्रन मॅडम म्हणाल्या, “स्टाफला वेगळा नियम नको, त्यांचाच अभ्यास आहे ना?” मी म्हटलं, हो मॅडम. त्यानंतर चार तास. एक सिस्टर कमी, पेशंट तेवढेच. तुझ्या माकडहाडावर डाग आला. मी अंगठा दाबला आणि सोडला, आणि जागा लाल ती लालच राहिली. मी चादर ओढून घेतली. तू माझ्याकडे बघत होतीस. तुला पाठ दिसत नव्हती, पण माझं तोंड दिसत होतं. शेवटी न्यूमोनिया झाला, आणि कागदावर तेच कारण आहे. डॉक्टर म्हणतात, जखम नसती तरी हेच झालं असतं. असेलही. मी रोज सकाळी उठून स्वतःला ते वाक्य सांगते, चहा होईपर्यंत ते पुरतं.

एक दुपार मी वगळली आहे. तिच्याबद्दल जमलं तर पुढे लिहीन.

काल रात्री मी संजयला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “गेलेल्या माणसाचं नाव कशाला खराब करतेस? त्यांची डिग्री जाईल. तुझी नोकरी जाईल. रजिस्ट्रेशनचं काय होईल माहितीये का तुला?” मला माहीत आहे. तो चुकीचं काही बोलत नाहीये. तुझं नाव तुझ्या गावात कमानीवर लागावं एवढं मोठं झालंय, मी तोंड उघडलं की त्याला डाग. पण मी न बोलले तर परवापासून कुठल्या कुठल्या शहरांत, मी कधी न पाहिलेल्या वॉर्डांत, कुणीतरी खाला चार तास एकाच कुशीवर पडून राहील आणि तिच्या उशाशी तुझं नाव टांगलेलं असेल. आणि नियमात चार म्हटलं की कामात सहा होतात, हे मी नाही तर कोण सांगणार?

मला अजून एक भीती आहे, ती संजयला सांगितली नाही. हल्ली आंघोळ करताना मी स्वतःच्या कंबरेवर अंगठा दाबून बघते. एक दिवस मीही आडवी पडेन. समोर टेबलाशी कुणीतरी बसली असेल, माझ्याच हाताखाली शिकलेली. तिला मी काय काय शिकवलंय ते मला चांगलं माहीत आहे.

एवढं लिहिलं आणि बेल वाजली. प्राजू होती.

आता ती गेली आहे. संध्याकाळचे सहा वाजलेत. आत्ता लिहिलं नाही तर उद्यापर्यंत मी यातलं अर्धं गाळून टाकेन.

दारातच म्हणाली, “शिल्पामावशी, फोन का नाही उचलत? आजारी होतीस म्हणे.” तुझीच उंची, तुझंच उभं राहणं. मी पाणी दिलं. सभेत लावायला तुझा फोटो कुठला द्यायचा हे विचारायला ती राईहून रिक्षाने आली होती. मोबाईलमधले तीन फोटो दाखवले. मी मधला म्हटलं, न बघता. ती गेली नाही. ग्लास टेबलावर फिरवत बसली आणि मग म्हणाली, “मावशी, आईला शेवटची आंघोळ मी घातली. पाठ बघितली मी.”

मी टेबलावरचे चार्ट फाईलमध्ये भरायला लागले.

“मी कोणाला बोलले नाय. मला वाटलं माझंच चुकलं. भेटायच्या टायमाला यायचे आणि जायचे. ऑफिसमधून सुट्टी घेऊन तिथेच बसले असते तर मी वळवलं असतं ना तिला. मला येत नव्हतं, पण कोणी दाखवलं असतं तर केलं असतं.” ती रडत नव्हती. ती घाबरलेली होती, ताई. अकरा दिवस तीही माझ्यासारखीच घाबरून बसली होती आणि मी तिचा फोन उचलत नव्हते. माझं पाप ती आपल्या डोक्यावर घेऊन फिरत होती.

मग मी सांगितलं. फाईल पुढे सरकवली आणि सुरुवातीपासून सगळं सांगितलं. खाला, दोन पेनं, दहा मिनिटं, सगळं. ती एकेक चार्ट उलटत राहिली. मध्येच विचारायची, “हा तुझा?” मी हो म्हणायचे. बरेच माझे होते. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती बँकेत काम करते, कागद कसे बघायचे तिला कळतं. शेवटचा चार्ट ठेवून तिने विचारलं, “आईला हे माहीत होतं?”

मी नाही म्हणू शकले असते. तिला तेच ऐकायचं होतं, की आई समाधानाने गेली. तोंडापर्यंत शब्द आला होता. पण हा चार्टसुद्धा मी खोटा भरला तर माझ्यात नर्स म्हणून काही उरणार नव्हतं.

“शेवटी कळलं,” मी म्हटलं. आणि ती दुपार सांगितली.

त्या दिवशी मी दोनला आले तेव्हा तू सकाळपासून उताणी होतीस. मी म्हटलं, “ताई, आले हं पाच मिनिटांत.” दोन पेशंट वर आले, एकाचं बीपी पडलं, मावशी सुट्टीवर. तुझ्याकडे यायचं राहून गेलं. चारचं राहिलं, सहाचंही राहिलं. साडेसातला मी नेहमीसारखी टेबलाशी बसले, तुझा चार्ट ओढला आणि हात आपोआप चालायला लागला. दोन वाजून दहा मिनिटं, उजवी कूस. मान वर केली तर तू समोर. उताणीच. टेबल आणि कॉट यांत किती अंतर आहे? चार पावलं. तू माझ्या हाताकडे बघत होतीस. तू त्या चार्टचे रकाने स्वतः पट्टीने आखले होतेस, कुठल्या ओळीत काय जातं हे तुला लांबूनही कळत होतं. मग तू माझ्या तोंडाकडे बघितलंस. आणि मी खाली मान घालून पुढची ओळ भरली. सगळे रकाने भरून झाल्यावर उठून तुझ्याजवळ आले, तुझं बोट धरलं. तू दाबलं नाहीस. एकदाही नाही, दोनदाही नाही. त्यानंतर तू माझं बोट कधीच दाबलं नाहीस. बाकीच्यांचं दाबायचीस.

प्राजू उठली. मला वाटलं फाईल घेऊन जाईल, पण तिने ती माझ्याकडेच सरकवली. “उद्या हे तूच घेऊन ये. मी पुढच्या रांगेत बसणार. लॅमिनेशन लागायच्या आधी बोल. आईची डिग्री गेली तर जाऊ दे.” मी हो म्हटलं. “आणि गाईड मॅडमना मी फोन करू की तू?” मी म्हटलं, मी करते. तिच्या समोरच केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, लेखी द्या, उद्याच द्या. म्हणजे आता मागे फिरायला वाट नाही. उद्या त्या हॉलमध्ये खालांची सून आलेली असेल तर काय करू, हेच एक डोक्यात फिरतंय.

प्राजूने चपला घातल्या. दरवाजाला हात लावून थांबली.

“मावशी, आई रागावली होती का गं तेव्हा? तुझ्यावर?”

वीस वर्षं तुझा राग बघितलाय मी. तुझा राग मला कुठेही ओळखता आला असता, आणि तो असता तर मी तो आनंदाने सोसला असता.

“नाही,” मी म्हटलं. “घाबरली होती मला.”